नावाला जुळेना शब्द

गोदूवैनी,

भाट्याला मामाकडं नारळ आणायला जातेय. वड्यांचं पीठ मळून झाकलंय, कढीची सोलं भिजत घातलीत. चिमाची हळद कोनाड्यात आहे. बायकांनी विचारलं, तर आमच्या काशीला परतीची होडी मिळाली नाही म्हणा.

नारळ घरात आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण नणंदेला हळद लावायची म्हणजे आपल्या दोघी जावांना उंबऱ्यावर अडवून नाव घ्यायला लावणार. चांदीच्या वाटीतला उखाणा म्हटला, तर आत्याबाई म्हणतील, शिळा नको, नवा जुळव. आणि चांदीची वाटी आपल्या घरात आहे कुठं?

जात्यावर बसून रोज जुळवतेय हो. यांच्या नावाला हिंमत जुळते, बरकत जुळते, सोबत तर छानच जुळते. पण तोंडाशी येतो तो एकच शब्द, आणि तो काही केल्या हलत नाही.

शिमग्याला हे आले नाहीत, तेव्हा तुम्ही म्हणालात, बहिणीच्या लग्नाला येतीलच. काल मी पाण्याला म्हणून गेले, ती बंदरावर गेले होते. भावोजींना सांगू नका.

बायका पांगल्या की मागल्या दारानं येईन. वडे मीच तळेन.

उखाणा जुळलाय तो एवढाच. मनात वाचा नि चिठ्ठी चुलीत घाला.

मुंबईची बोट आली, भोंगा देऊन गेली परत,
बहिणीच्या हळदीलाही उतरले नाहीत महिपत.