शेगडी पाठवत नाही

डोंबिवली पूर्व
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

चि. मनाली,

आईचा सप्रेम जय भीम. बाळाला गोड पापा, तुझ्या सासूबाईंना, गोदाताईंनाही माझा जय भीम सांग. मी बरी आहे. गुडघा जिन्यात कुरकुरतो, तेवढंच. परवा केमिकल कंपन्यांचा वास फार होता, दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागले. तरी मी खिडकी उघडीच ठेवते. शेजारची रंगूबाई म्हणते, "जनाबाई, तुला नाक नाही का गं?" नाक आहे. पण खिडकी उघडी ठेवते.

दिपेशराव रविवारी येतील तेव्हा त्यांच्याबरोबर एक मोठी पिशवी देते आहे. त्यात गरम पाण्याची रबरी पिशवी, दोन गोधड्या, जाड पडदा आणि तुझे फ्लॅनेलचे जुने तुकडे आहेत. हीटरचा खोका वेगळा आहे.

शेगडी पाठवत नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, आजीने माझ्या वेळी दिलेली ती लोखंडी शेगडी नुसती पडून आहे ना? सासूबाई म्हणतात, बाळंतिणीला शेक नको का? खडवलीला नदीकडून वारा येतो, फरशी बर्फासारखी." मी म्हटलं, तळ गंजून गेला. तू म्हणालीस, "एवढंसुद्धा नाही का तुझ्याच्याने होत?" आणि फोन ठेवलास.

तळ गंजलेला नाही.

आधी खोली कशी ऊबदार ठेवायची ते लिहिते. ऊन आलं की खिडकी सताड उघड, उन्हात बाज ओढ. चार वाजता पडदा सोड. एक गोधडी बाजेखाली फरशीवर टाक, दुसरी बाहेरच्या भिंतीवर खिळ्यांनी टांग. गारठा वरून कमी, खालून आणि भिंतीतून जास्त येतो. रबरी पिशवीत उकळतं पाणी भरू नको. फडक्यात गुंडाळून बाळाच्या जागेवर ठेव, अंथरूण ऊबदार झालं की काढ, मग बाळाला निजव. बाळाच्या अंगावर सैल गोधडी नको, तोंडावर येते. टोपी, मोजे, आणि जागी असशील तेव्हा तुझी उघडी छाती, यासारखी ऊब कुठल्या दुकानात नाही.

एवढ्याने भागलं नाही तरच हीटर. हा आत तेल भरलेला आहे, लाल तारेचा स्वस्तातला मी मुद्दाम घेतला नाही. भिंतीतल्या मोठ्या प्लगलाच लाव, वायरच्या बोर्डाला नको. त्याच्यावर लंगोट वाळत घालू नको. झोपताना बंद कर. गोदाताईंना ओव्याची धुरी द्यायचीच असेल तर अंगणात, आणि बाळ घरात.

आणि काहीही झालं तरी खिडकी बोटभर उघडी. निखारे खोलीत नाहीत. गोदाताईंनी नाक मुरडलं तरी नाहीत.

आता दुसरं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मी तुला आणलं नाही. खोली लहान, कंपन्यांचा वास, माझा गुडघा, अशी कारणं दिली. तू दिपेशरावांना म्हणालीस, "आईला मी जड झाले." ते त्यांनी मला सांगितलं. चांगल्या मनानेच सांगितलं.

बाळंतीण आली की शेजारणी विचारणार, शेगडी कुठे आहे. आणि ती पेटवायची त्याच खोलीत, बाबांच्या कॉटशेजारी. मला ते जमलं नसतं.

मनाली, बाबा गेले त्या जानेवारीत तू पुण्याहून धावत आलीस आणि दारातच विचारलंस, "छातीत दुखत होतं का गं त्यांच्या?" मी म्हटलं, हो, सकाळपासून. डॉक्टरांनीही हृदयच लिहिलं होतं. मनाली, तुझ्या बाबांची छाती कधी दुखली नव्हती.

त्यांना थंडी वाजून ताप आला होता. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. मला तुझ्या वेळच्या बाळंतपणातली शेगडी आठवली. पेटवून कॉटशेजारी ठेवली, निखारे फुलवले. मी खिडकी थोडी उघडी ठेवली तर म्हणाले, "जने, बंद कर ती. मला काय वाळत घातलंयस?" मी हसले. हे त्यांच्यावर ढकलायला लिहीत नाही. काच मीच सरकवली. दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं तेही मीच. मग औषध आणायला गेले.

औषध घेऊन सरळ यायचं होतं. वाचनालय वाटेत होतं, पुस्तक बदलायचं होतं. पुस्तक बदललं आणि बसले. तासभर तरी बसले.

घरी आले तेव्हा ते निजलेले दिसले. गाल लालसर होते. मला वाटलं, बरं झालं, ऊब लागली. मी हळू पावलांनी चहा ठेवायला गेले. रंगूबाई नंतर म्हणाली, "किती शांत गेले गं, चेहऱ्यावर तेज होतं."

पुढच्या हिवाळ्यात त्याच वाचनालयात पेपरात आलं. एका बंद खोलीत कोळसे पेटवून झोपलेले चार मजूर. धूर नाही, वास नाही, नुसती झोप लागते. चेहरे लालसर. मी ती बातमी तीनदा वाचली. मग पेपर घडी करून जागेवर ठेवला, कारण दुसऱ्या कोणाला वाचायचा होता.

तुझ्या जन्माच्या वेळी हीच शेगडी दीड महिना पेटती होती. तेव्हा आपण पत्र्याच्या खोलीत राहत होतो, भिंतीपेक्षा फटी जास्त. आम्ही त्या फटींना शिव्या द्यायचो, त्यांनीच तुला वाचवलं. मग बिल्डिंगमध्ये आलो, सरकत्या काचा आल्या, आणि मी शेगडी मात्र जुन्याच खोलीसारखी पेटवली. तुमचं खडवलीचं घरही नवं आहे. स्लॅबचं, सरकत्या काचांचं. म्हणून लिहिते आहे. नाहीतर कदाचित कधीच लिहिलं नसतं, हेही खरं.

फोनवर सांगता आलं नाही. तिकडे गोदाताई शेजारी असतात, इकडे माझा आवाज राहत नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्यांना शेगडी नको म्हणायला कारण लागेल, तर माझं नाव घेऊन सांग.

तू माझ्यावर रागावशील. सहा वर्षं मी तुझ्याकडून सांत्वन घेतलं, ते माझं नव्हतं. तुला मला उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नको. रविवारी दिपेशराव पोचल्यावर त्यांच्याकडून एवढंच कळव, की खिडकी बोटभर उघडी आहे.

मी फोनजवळ बसून राहीन.

तुझी आई,
जनाबाई