चौरंगाचं पॉलिश

३ ऑगस्ट, रविवार
यंदा दीड दिवसाचा गणपती आमच्याकडे, वारज्यात. प्रथमच. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वाघोलीला बसवणं त्याला जमणार नाही. तो आणि वहिनी आजोबांचा सागवानी चौरंग आणि आईचा शेला देऊन गेले. नीट झालं तर यापुढे गणपती तुझ्याकडेच, म्हणाला. दारातून परत वळून म्हणाला, चेतन, चौरंग तेवढा जप. घरात मला सोपवलेलं हे पहिलंच काम. मोदक संपवणं सोडून. चौरंग मात्र काळाकुट्ट झालाय. पुढच्या रविवारी पॉलिश. दादा बघतच राहील.

५ ऑगस्ट
पॉलिश रद्द. व्हिडिओ पाहिला. जुन्या लाकडावर वर्षानुवर्षं जो थर चढतो त्याला पॅटिना म्हणतात. तो घालवणं अडाणीपणाचं. रुपालीला जेवताना समजावलं. ती म्हणाली, आमच्याकडे त्याला मळ म्हणतात. माझ्या बायकोला सौंदर्यदृष्टी नाही. लग्न ठरवताना होती.

१० ऑगस्ट, रविवार
दुसरा व्हिडिओ. तेलकट थराखाली लाकूड गुदमरतं. हे पहिल्या माणसाने लपवलं. पॉलिश पेपर आणून अर्धा चौरंग घासला. आतून सुंदर मधाचा रंग. चहा पिताना त्याच व्हिडिओखालची कमेंट वाचली, की गेलेला पॅटिना परत येत नाही. घासणं ताबडतोब बंद. वेळीच थांबणं सगळ्यांना जमत नाही.

११ ऑगस्ट
अर्धा काळा, अर्धा पिवळा. तनया म्हणाली, बाबा, हा झेब्रा का केलात? मुलांना अर्धवट काम दाखवू नये. पिवळी बाजू पुन्हा जुनी करायची ठरवली. कडक चहा चोळला की लाकूड जुनं दिसतं म्हणे. पातेल्यात उरलेला सगळा चोळला.

१२ ऑगस्ट
चहा बिनसाखरेचा हवा होता. मुंग्या.

१६ ऑगस्ट, शनिवार
गरम पाण्याने खसखसून धुतला आणि बाल्कनीत वाळत टाकला. रात्रभर पाऊस. मुंग्या आहेत. फळ्यांचे सांधे सुटलेत, पाय डुगडुगतायत. रुपालीला म्हटलं, लाकूड श्वास घेतंय. ती म्हणाली, शेवटचा असेल.

२३ ऑगस्ट, शनिवार
चारही पाय वेगळे झाले. महिपती सुताराकडे गेलो. मान वर न करता म्हणाला, गणपती झाले की या. मी म्हटलं, गणपतीसाठीच हवाय. तो म्हणाला, मग गणपती झाल्यावर तरी कशाला येताय? बाकीचे सुतारही मखरांत अडकलेत. दादाला सगळं सांगून टाकायचं म्हणून फोन केला. गुडघा कसा आहे ते विचारून ठेवला.

२६ ऑगस्ट
मार्ग निघाला. चौरंगावर शेला घालतातच, आणि तो जमिनीपर्यंत येतो. आत तनयाचं फोल्डिंगचं अभ्यासाचं टेबल. विचार केला तर इतकी वर्षं मी फक्त शेलाच पाहत आलोय. म्हणजे पॉलिश करायचं की नाही हा प्रश्नच चुकीचा होता. रुपाली विचारतेय, आणि दादा आल्यावर? नकारात्मक विचार.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
आरती झकास झाली. दादा खुर्चीत बसून एकटक बघत होता. नंतर मला जवळ बोलावलं. म्हणाला, चौरंगाला हात लावला नाहीस, बरं केलंस, मला तीच धास्ती होती. मी म्हटलं, पॅटिना जपायला हवा. त्याने पाठीवर हात ठेवला. असा त्याने कधी ठेवला नव्हता. मला एकही मोदक गेला नाही.

२८ ऑगस्ट
विसर्जन घरीच, बादलीत. मूर्ती पाण्यात गेली आणि वहिनींनी शेला घडी करायला उचलला. शेला वाघोलीला परत जातो हे माझ्या लक्षातच नव्हतं. खाली टेबल. वर युनिकॉर्नचे स्टिकर आणि मार्करने लिहिलेला सतराचा पाढा, चुकलेला.

मग दादा म्हणाला, याला मात्र पॉलिश करू नकोस, असंच छान आहे.

त्याला बाल्कनी दाखवावी लागली. त्याला वाकता येत नाही. मी एकेक फळी, एकेक पाय उचलून देत होतो आणि तो रुमालाने पुसून पिशवीत ठेवत होता. पुढच्या वर्षी वाघोलीलाच बसवू, म्हणाला. मी म्हटलं, पण गुडघा? तो म्हणाला, गुडघा माझा आहे, मी बघतो.

शेवटचा पाय देताना मी म्हटलं, दादा, चुकलं माझं. खरंच फार वाईट वाटत होतं.

तो म्हणाला, मुंग्या झटकून दे.