एकाच बाजूचे तिकीट

सावेडी, नगर, मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी वृंदाचा कॅनडाहून फोन आला. फेब्रुवारीचे स्वस्त तिकीट मिळते आहे, मात्र वाटेत दोहाला चौदा तास थांबावे लागेल. मी होकार दिला. मग ती म्हणाली, "बाबा, एकाच बाजूचं काढते. आता राहायलाच येताय ना?" संध्याकाळी सांगतो, एवढेच म्हणालो.

पाच वर्षे सुधा लेकीकडे जाऊ म्हणत होती आणि पाच वर्षे मी भाडे उतरण्याची वाट पाहत होतो. ते आता उतरले, सुधा गेल्यावर. भाडे उतरण्याची वाट! हे मी कोणाजवळ बोललेलो नाही.

दूध घालायला आलेल्या किसनला जाण्याचे सांगितले. तो हिवरे बाजारचा. चौथीत सुधाचा विद्यार्थी होता. हसून म्हणाला, "सर, तुमी लई हिशेबी. बाई असत्या तर कवाच इमानात बसल्या असत्या." मग दूध ओतता ओतता थांबला. "लई मारायच्या, पन डब्यातली पोळी बी द्यायच्या."

पोळीचे मला ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत तिने कधी सांगितले नाही, की मी विचारले नाही? तिकडे सुधाविषयी असे काही सांगणारे मला कोण भेटणार?

आत्ताच वृंदाला फोन केला. परतीचेही काढ, म्हणालो.

"महाग पडेल, बाबा. आणि नगरला आता आहे कोण?"

किसन आहे, असे काही मला म्हणता आले नाही. भाडे कितीही पडू दे, असे मात्र म्हणालो.