मालकाच्या रकान्यातलं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

सोमेशवर माझा शक हाय. लिहून ठेवते.

पुनमच्या हापिसातला पोरगा. तो नांदेडला घरी बसून काम करतो, ही माझी नात इथं लातुरात माझ्या बैठकीत. आईबाप चाकूरला शेतात, पोरगी माझ्याजवळ. दिवसभर फोनवर त्याचा आवाज — "पुनम, जेवलीस का?" अरे, तिची आज्जी जिवंत हाय अजून! गोड बोलणाऱ्या माणसाचे हात आधी बघावेत.

आज कुजबुजत होते. मी मेथी निवडत होते. "राहू दे त्याच्याच नावावर. तो तर गेला," म्हणला सोमेश.

कोण गेला? विचारलं तर पुनम म्हणते, "आज्जी, तुला न्हाई कळायचं."

न्हाई कळायचं! तिसरी शिकले. पण कोण काय लपवून राहिलं ते कळायला चौथी लागत न्हाई.

४ नोव्हेंबर

समोर बसवलं, चहा अडवून धरला, तवा बोलली.

गावोगावी रक्त-लघवी तपासणारी एक मोठी कंपनी हाय. तिचे सगळे कागद कॉम्प्युटरात. ते कॉम्प्युटर पण भाड्याचे, दूर कुठं तरी. क्लाउड म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. म्हणलं, ढगात भाडं कोण वसूल करतं? तर म्हणते, "जमिनीवरच असतेत आज्जी, कुलूपबंद शेडात." मग ढग कशाला म्हणायचं? इथूनच लबाडी सुरू!

पुनमची कंपनी त्यांची राखण करते. एक प्रोग्राम रातदिन फिरून तक्रारी लिहितो — ह्या मशीनचं दार उघडं, त्याचं कुलूप कच्चं. दुसरीकडं एक नोंदवही, ती पण कॉम्प्युटरातच. मशीनचा नंबर, त्याचं काम, मालक. मालक म्हणजे पुनमच्याच हापिसातल्या ज्याच्या जिम्म्यात ते मशीन हाय तो. तक्रारीतला नंबर वहीतल्या नंबराशी जुळवायचा, मालकाला कळवायचं, त्यानं दार लावायचं. जुळवायचं काम पुनमचं.

आता एक मशीन सताड उघडं सापडलं. चार महिने! लोकांची नावं, कुणाला काय रोग, कोणीही वाचावं. पुनमनं नंबर जुळवला तर मालक निघाला वैजनाथ. तो दिवाळीत नोकरी सोडून गेला.

तर हा तो गेलेला.

६ नोव्हेंबर

वैजनाथचा फोन आला. मुरुडचा हाय. पुनमचे हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर.

"पुनम, माझं मशीन मी उन्हाळ्यातच बंद केलतं. आईची शपथ. माझं नाव काढ की! नवे हापिसवाले जुन्या हापिसाचं नोकरी सोडल्याचं पत्र मागून राहिलेत, अन् उज्वला मॅडम म्हणतेत उघड्या मशीनची चौकशी मिटल्याबिगर पत्र न्हाई. पंधरा तारखेच्या आत दिलं न्हाई तर दुसऱ्याला घेतेत."

"बघते," म्हणली पुनम.

उज्वला मॅडम हिच्या साहेब, त्यांना सांगायचं सोडून नुसतं बघते! पोळी जळाली तव्यावर.

७ नोव्हेंबर

आज धरलंच तिला. बंद मशीनचं दार उघडं कसं? मेलेली म्हैस रेकते का?

"नंबर तोच हाय ना आज्जी. एक मशीन बंद झालं की त्याचा नंबर दुसऱ्या नव्याला मिळतो कधी कधी."

"मग नंबर काय जुळवून राहिली! तुझ्या आजोबानं कानातला पिवळा बिल्ला बघून गाय आणली. आठ दिवसांनी खरा मालक पोलीस घेऊन दारात. बिल्ला मेलेल्या गाईचा! जनावर बघावं. खूर, शिंग, कपाळावरचा भोवरा."

"मशीनला भोवरा नसतो." हसली न्हाई.

"कुणी जन्माला घातलं ते तरी लिहिलं आसंल?"

"ज्यांच्याकडून भाड्यानं घेतो त्यांच्याकडं असतं. मॅडमनं अर्ज केला तर मिळतं. करत न्हाई कोणी."

करत न्हाई कोणी! म्हणूनच सोमेश निवांत हाय. त्याचंच मशीन ते. मी लिहून देते.

९ नोव्हेंबर, रविवार

आला! नांदेडहून एसटीनं, पिशवीभर सीताफळं घेऊन. चपला जोडून ठेवल्या — लई नीट.

"गाव कोणतं तुमचं?"

"कंधार, आज्जी."

"मग आज्जी तिकडं आसंल तुमची."

हसला. लाजत न्हाई, चिडत न्हाई. असली माणसं वाईट.

जेवायला वाढलं अन् विचारलं, "ते उघडं मशीन कुणाचं हो?"

घास हातातच राहिला. पुनमकडं बघितलं त्यानं. "नोंदीला वैजनाथचं हाय."

"नोंद न्हाई विचारली. तुमच्या तोंडानं सांगा."

"काही गोष्टी न बोललेल्या बऱ्या, आज्जी."

चोर! सीताफळं गोड निघाली. खाल्ली मी. फळाचा काय गुन्हा.

११ नोव्हेंबर

पुनम दोन दिवस धड जेवली न्हाई. त्याच्या नादानं.

१२ नोव्हेंबर

सकाळी म्हणलं, मॅडमला सांगून टाक, सोमेशचं काम हाय.

"न्हाई सांगणार."

"मुरुडच्या पोराची नोकरी चालली!"

"आज्जी, तू मधे पडू नको. पाय धरते तुझे."

त्या सोमेशसाठी माझे पाय! इतकं चढलंय डोक्यात.

ती आंघोळीला गेली. उज्वला मॅडमचा नंबर माझ्या फोनात होता — मागं इथली लाइट गेली, पुनमचा फोन लागंना, तवा त्यांनीच मला केलता. लावला.

म्हणलं, "मॅडम, वैजनाथचं पत्र अडवू नका. ते मशीन त्याचं न्हाई. कुणी चालू करून जन्माला घातलं ते भाडेवाल्यांकडून मागवा. अर्ज करा, आळस करू नका."

"तुमचा कुणावर संशय आहे का, आजी?"

"हाय. पण मी कशाला बोलू, कागदच बोलंल. एवढं करा — जो निघंल त्याला सोडू नका."

पुनम केस पुसत आली तवर माझा फोन फळीवर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कागद आला. नाव पुनमचं.

जुलैत नवी लागली तवा शिकायला म्हणून तिनंच चालू केलं, लोकांचे खरे कागद त्यात टाकले, बंद करायचं राहिलं. सोमेशला ठाऊक होतं.

वैजनाथचं पत्र निघालं. पुनमला सोमवारपासून काम न्हाई.

आत पडून हाय. अर्ज कुणी करायला लावला ते अजून विचारलं न्हाई तिनं. विचारलं की सांगणार हाय.