एकोणीस मिनिटं

१९ सप्टेंबर, सोमवार

दहा दिवस झाले. शनिवारी कोरीनला मातीत ठेवून आलो.

वहीच्या मागच्या पानावर ८ तारखेची नोंद आहे — टोमॅटो अकरा, पैकी दोन किडके. त्यानंतर पान कोरं. ही वही लेकीनेच नाताळात दिली होती. ‘पॉप, बोलत नाहीस तर निदान लिही तरी.’ लिहितोय.

डिटेक्टिव्ह मॅकगिल आज पुन्हा आला. बूट पुसून आत आला. म्हणाला, भांडण कोपऱ्यावरच्या दोघांचं होतं. गाडीतून सात गोळ्या झाडल्या, त्यातली एक तिला लागली. तिचा काही संबंध नव्हता. हे त्याने तीनदा सांगितलं — जशी काही मला शंका होती!

बसथांब्यावरून माझ्याकडे यायला निघाली होती. शुक्रवार म्हणजे मासे. चौतीस वर्षांची झाली तरी शुक्रवार चुकवत नसे. हातात एक खोकं होतं. ते आणि पर्स पुरावा म्हणून ठेवून घेतलंय.

‘तुम्ही काही ऐकलंत का, मिस्टर पर्नेल?’

नाही म्हणालो. मासे तळत होतो, स्वयंपाकघरातला पंखा चालू होता. त्याने लिहून घेतलं.

२० सप्टेंबर, मंगळवार

एकोणीस मिनिटं. गोळ्या झाडल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ६:४१. पोलिसांना पहिला फोन ७:००. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या कुणा बाईने केला. तोवर कोणीच नाही. लख्ख उजेड होता!

ती पडली त्या गल्लीत दोन्ही बाजूंची मिळून बेचाळीस दारं आहेत. आज जाऊन मोजली.

२१ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाला होता, ‘थोडं आधी आणलं असतं तर —’ आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. तिथेच थांबला. पुढचं मला रोज ऐकू येतं.

२४ सप्टेंबर, शनिवार

आज दारं ठोठावली. हे माझ्या स्वभावात नाही. चाळीस वर्षांत कोणाकडे चिमूटभर मीठ मागायला गेलो नाही. कोट-टाय घालून गेलो. लोकांना वाटलं, धर्माची पत्रकं वाटतोय. दोघांनी पडद्याआडून बघून दार उघडलंच नाही.

तपकिरी दाराचा न्हावी — ‘मला फटाके वाटले.’ सप्टेंबरात? ‘अहो, इथे लोक वर्षभर वाजवतात.’ बायकोने मागून कोपर मारलं तसा गप्प झाला.

समोरचा लायनेल. कोरीनच्या वर्गात होता! माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून गणितं सोडवलीत त्याने, तेव्हापासून मला पहिल्या नावानेच हाक मारतो. ‘टीव्हीवर बेसबॉल लागला होता, मिस्टर वेंडेल. आवाज मोठा होता. खरंच.’ बरं. बेसबॉल.

निळ्या दाराची बाई — ‘मला वाटलं, कोणीतरी केलाच असेल फोन.’ त्या गल्लीत कोणीतरी नावाचा माणूस कुठल्या दारात राहतो, हे विचारायचं राहिलं.

सगळ्यात शेवटी मिस ओडेसा. चौऱ्याऐंशी वर्षांची. कोरीनचा बाप्तिस्म्याचा झगा तिने शिवला होता. पायरीवर खुर्ची टाकून बसली होती. ती खोटं बोलली नाही, एवढं खरं.

‘ऐकले की. खिडकीपासून लांब सरकले नि बसून राहिले.’

आणि फोन?

‘मागे एकदा केला होता, बाबा. गाडी येऊन माझ्याच दारात उभी! सगळ्या गल्लीला कळलं कोणी बोलावली. दुसऱ्या दिवशी काच फुटली. कोण बसवून देतं, तू?’

मी म्हणालो, ती एकोणीस मिनिटं पडून होती. तुमच्या पायरीपासून साठ पावलांवर.

‘माहितीय रे. मला काय झोप लागते असं वाटतं तुला?’ मग म्हणाली, ‘आणि तू, वेंडेल? तुझं घर दोन गल्ल्यांवर तर आहे. उकाड्याचे दिवस, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या.’

पंखा चालू होता, म्हणालो.

‘हं,’ म्हणाली. मला तिचा राग आला. अजून आहे.

२८ सप्टेंबर, बुधवार

कोरीन काम करायची त्या दातांच्या दवाखान्यात गेलो. टेकडीवरच्या श्रीमंत भागात आहे. तिच्या कपाटातल्या वस्तू आणायच्या होत्या. एक स्वेटर, एक कप, माझा एक जुना फोटो. हा तिने कधी नेला माहीत नाही.

बाहेरच्या टेबलावर बसते ती मार्गो खूप रडली. म्हणाली, ‘आमच्याकडे असं कधी —’ आणि अडखळली. मग सावरायला म्हणून भलतंच सांगत सुटली. मे महिन्यात त्यांच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याने भाजीच्या वाफ्यात घुसलेल्या ग्राउंडहॉगवर एक गोळी झाडली. मांजराएवढा जाडजूड प्राणी. ‘पोलिसांना तेवीस फोन गेले, मिस्टर पर्नेल! चार मिनिटांत तीन गाड्या!’ हसली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

‘मेला का तो?’ मी विचारलं.

‘नाही हो. पळाला.’

एकतीस वर्षं मी शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली. टेकडीवरचे नमुने यायचे, आमच्या भागातलेही यायचे. पाणी दोन्हीकडे सारखंच असायचं. मी स्वतः तपासलंय. बाकीचं काही तपासायची वेळ आली नव्हती.

६ ऑक्टोबर, गुरुवार

चर्चच्या तळघरात सभा. विद्यापीठातली ब्रिजेट म्हणून एक मुलगी आली होती. चार शहरांतल्या वस्त्यांची तुलना करतेय — कुठे किती गोळ्या चालतात, किती माणसं पडतात. आमचं फिलाडेल्फिया, शिकागो, बाल्टिमोर, सेंट लुईस. पडद्यावर नकाशे. टेकडी फिकट पिवळी. आम्ही गडद लाल. ‘दहा हजार माणसांमागे’ असं ती सारखं म्हणत होती. माझ्या टेबलावर दहा हजार माणसं जेवत नव्हती.

‘तुमच्या भागाचा आकडा शिकागोतल्या एका भागाशी जवळजवळ जुळतो,’ ती म्हणाली. ‘आणि सेंट लुईसमधल्या एका भागापेक्षा तर बराच बरा आहे.’

मागून कोणीतरी ओरडलं, ‘चला, सेंट लुईसला केक पाठवू या!’

सगळे हसले. मीही हसलो बहुतेक. शिकागोतही असंच तळघर असेल, अशाच घडीच्या खुर्च्या, आणि तिथेही कोणीतरी सेंट लुईसकडे बघून हुश्श करत असेल.

मग तिने दुसरा नकाशा लावला. पोलिसांना सापडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या एकीकडे, लोकांनी केलेले फोन दुसरीकडे. टेकडीवर एका आवाजाला वीस-वीस फोन. आमच्याकडे पुंगळ्यांचा ढीग आणि फोन जवळजवळ नाहीतच. चारही शहरांत तेच चित्र, ती म्हणाली. असं का होत असेल, तुम्हाला काय वाटतं?

पाद्री म्हणाले, ‘विश्वास उरला नाही.’ कोणी म्हणालं भीती, कोणी म्हणालं सवय.

मी उभा राहिलो. आयुष्यात कधी सभेत बोललो नाही. म्हणालो, ‘लाज उरली नाही, म्हणून.’ आणि बसलो.

यावर कोणी हसलं नाही. मिस ओडेसा पहिल्या रांगेत होती. तिने वळून बघितलं नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

एक महिना. चर्चला गेलो नाही. टोमॅटोची रोपं उपटून टाकली.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

ब्रिजेट घरी आली. सभेत बोललो म्हणून माझी मुलाखत हवी होती. छापील प्रश्न, वीस मिनिटं लागतील म्हणाली. चांगली मुलगी आहे. कोरीनच्या फोटोसमोर क्षणभर थांबली, उगाच काही बोलली नाही.

स्वयंपाकघरात बसलो. वय, शिक्षण, किती वर्षं इथे राहता. मग — गेल्या बारा महिन्यांत गोळ्यांचा आवाज किती वेळा ऐकलात?

आठ-दहा वेळा, म्हणालो.

किती वेळा फोन केलात?

‘एकदाही नाही.’ ते दूरचे होते, म्हणालो. रात्री-अपरात्रीचे. तिने कागदावर खूण केली. तिने मान वर केली असती तर बरं झालं असतं.

शेवटचा आवाज कधी ऐकलात, आणि ऐकल्यावर काय केलंत?

मी कॉफी ठेवायला उठलो. पाणी भरलं. ओतलं. पुन्हा भरलं. तिने वाट बघितली. मग हळूच म्हणाली, ‘राहू दे, मिस्टर पर्नेल. इथे शून्य टाकते.’

शून्य टाकू नका, म्हणालो. प्रयोगशाळेत आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचो — मोजलं नाही तर रकाना रिकामा ठेवायचा. शून्य म्हणजे मोजून काही सापडलं नाही. दोन्ही एक नव्हेत.

‘बरोबर आहे तुमचं,’ म्हणाली. रिकामा ठेवला.

ती गेली. कॉफी ओट्यावरच राहिली.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅकगिल कोरीनचं सामान देऊन गेला. पर्स, पांढरे बूट, ते खोकं. खोक्याच्या एका कोपऱ्यावर डाग आहे.

आत स्वयंपाकघराच्या खिडकीचा पंखा आहे. नवा. जुना ऑगस्टमध्येच जळाला. शुक्रवारी घेऊन येते, म्हणाली होती.

पंखा चालू नव्हता. खिडकी उघडी होती. सात आवाज — पोलिसांनी सांगायच्या आधीपासून मला माहीत आहे. मोजून झाल्यावर खिडकी लावून घेतली, आणि ती येईपर्यंत निवू नयेत म्हणून मासे झाकून ठेवले.