वकीलबाईंची चिकटवही

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, उभी असशील तर आधी बस. दत्तक संस्थेतून फोन आला! मुलगी आहे, सात वर्षांची. आता दुसरीत जाईल. मी दुकानात चष्म्याची काच घासत होते. फोन ठेवला आणि त्या आनंदात चांगली तयार झालेली काच पुन्हा घासून वाया घालवली. मालक ओरडतील म्हणून बघितलं, तर त्यांनी सगळ्यांना चहा सांगितलेला. इकडे बेकरीत ह्यांनी ऐकल्याबरोबर शीळ घालायला सुरुवात केली आणि पावाची अख्खी खेप करपवली. घरात दोघांचेही पाय जमिनीवर नाहीत.

तिथल्या मावश्या तिला वकीलबाई म्हणतात. कुणी काही सांगितलं, की कशावरून, हा तिचा पहिला प्रश्न. त्याला कारणही आहे. मागे एक जोडपं तिला बघून गेलं, पुढच्या आठवड्यात येतो म्हणालं आणि फिरकलंच नाही. तेव्हापासून पोर दुधानं तोंड पोळल्यासारखी ताकही फुंकून पिते. संस्थेतल्या बाईंनी आम्हाला स्वच्छ सांगितलंय, की कागदपत्रं कितीही चोख असली तरी मुलीनं स्वतः हो म्हटल्याशिवाय त्या तिला आमच्याकडे पाठवणार नाहीत.

आता कामाचं. भेटीआधी तिला एक चिकटवही पाठवायची आहे. घराचे, माणसांचे फोटो आणि प्रत्येकाखाली दोन ओळी, म्हणजे आम्ही तिला अगदीच परके वाटणार नाही. फोटो चिकटवून झाले. जिना आहे, खिडकीजवळचा तिचा पलंग आहे, भट्टीपुढे पिठानं माखलेले हे आहेत. घोडं अडलंय ते माझ्या अक्षरापाशी. कोंबडी शाईत पाय बुडवून नाचली, असं शाळेत बाई म्हणायच्या ते काही खोटं नव्हतं. तू छापखान्यात प्रमाणपत्रांवर नावं लिहितेस, लोक तुझं अक्षर चौकटीत घालून भिंतीवर लावतात. वही पार्सलनं पाठवतेय, सोबत ओळीही दिल्यात. तेवढ्या तुझ्या हातानं लिहून चिकटव ना. पहिली ओळख तरी देखणी होऊ दे. नाही म्हणू नकोस.

भावजींना नमस्कार. तुझा लोभ लहानपणापासून हक्कानं घेत आलेय, तसाच याही वेळी घेते.

तुझी,
मुंगी

ता. ९ जून

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि अशी किंचाळले, की शेजारीण लाटणं घेऊन धावली. तिला वाटलं चोर शिरला. मग तीही माझ्याबरोबर रडायला बसली. मी मावशी होणार! छापखान्यात सगळ्यांना सांगून झालं, ज्यांना सांगायचं नव्हतं त्यांनासुद्धा.

अक्षराचं काय विचारतेस? जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, चांगली निळी शाई आणली आणि हात मोकळा सोडून लिहिलं. ळ तर असे काढलेत, की बघत राहावं. जिन्याच्या फोटोखाली तू नुसतं हा आपला जिना एवढंच दिलं होतंस. मी पदरचं घातलं, 'हा आपला जिना. खालची पायरी कुरकुरते, पण चावत नाही.' तुझे भावजी वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, की आईची ओळख मावशीच्या हातची कशी चालेल. मी म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नका, डिंकाची बाटली द्या. माणसाला कशात काय बघावं तेही कळत नाही.

वही आजच्या टपालानं परस्पर संस्थेत रवाना केली आहे. आता नखं खात बसू नकोस. पहिली भेट झाली, की घरी पोहोचायच्या आत मला लिही.

मायेची काळजी नको, ती इथे भरपूर आहे.

तुझी,
ताई

ता. ३० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गोड सांगते. वही तिला इतकी आवडली, की उशाशी घेऊन झोपायची. मावश्या सांगत होत्या, की अक्षरांवरून बोट फिरवत बसते, तुझा ळ पाटीवर गिरवते. हे लिहिणाऱ्या बाई कधी येणार, म्हणून रोज विचारायची. हे ऐकून मी फुलून गेले होते ताई. हे तर नवा शर्ट घालून आले होते आणि त्याची किमतीची चिठ्ठी मागे तशीच लोंबत होती.

ती आली, समोर बसली. लहानशी आहे, भुवया मात्र न्यायाधीशाच्या. तिनं माझ्यापुढे कागद सरकवला आणि माझं नाव लिहून दाखवा म्हणाली. मी आपलं कौतुकानं लिहिलं. तिनं वही उघडली, माझा कागद तिच्या शेजारी धरला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मग संस्थेतल्या बाईंना म्हणाली, की वही लिहिणाऱ्या बाई ह्या नाहीत, त्या बाई का नाही आल्या. मी घाईघाईनं समजावायला गेले, तर तिनं वही मिटली, माझ्या हातात दिली आणि आत निघून गेली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

ती परत बाहेर आलीच नाही. बाईंनी तीन आठवड्यांनी आणखी एक भेट दिली आहे. तेव्हाही ती नाही म्हणाली, तर विषय संपला. एवढी देखणी ओळख करून द्यायला गेले आणि पोरीला मीच खोटी वाटले. काय करू ते सांग. मला तीच हवी आहे, ताई. दुसरी कुणी नको.

तुझी,
मुंगी

ता. ३ जुलै

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला नाही. पण धीर सोडू नकोस, उपाय सापडलाय. सोबत कित्ता पाठवतेय, सगळी बाराखडी माझ्या वळणाची. रोज संध्याकाळी बसून गिरव. भेटीपर्यंत तुझा हात माझ्यासारखा वळला, की पुन्हा लिहून दाखव. त्या दिवशी हात थरथरत होता म्हणून सांग. ळकडे विशेष लक्ष दे, पोरीची नजर त्याच्यावर आहे.

भावजी म्हणाले, की एका सोंगावर दुसरं सोंग. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलत नाहीये.

आशीर्वाद आहेत, ते मात्र न गिरवता घे.

तुझी,
ताई

ता. २२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावजींशी बोलायला लाग. त्यांचं बरोबर होतं.

तुझा कित्ता मी एक संध्याकाळ गिरवला. ताई, ते अक्षर माझ्या हाताला दुसऱ्याच्या चपलेसारखं होत होतं. एकदम मनात आलं, की समजा जमलंच, ती हो म्हणाली, घरी आली, तर पुढे काय? तिच्या डब्यावरची चिठ्ठी, वहीवरचं नाव, सगळं काय जन्मभर तुझ्या हातानं लिहू? कित्ता मिटला आणि किटलीच्या वाफेवर तुझ्या पट्ट्या एकेक करून सोडवल्या. रागावू नकोस, एकही फाटली नाही.

मग बेकरीतल्या टेबलावर बसून मी सगळी वही माझ्या हातानं लिहिली. ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली गेल्या. चुकलं तिथे काट मारली आणि पुढे लिहिलं. भट्टीच्या फोटोखाली ह्यांनी स्वतः लिहिलं. इतकं दाबून, की अक्षरं पानाच्या मागच्या बाजूनं वर आली, आणि शेवटी पिठाचा अंगठा उमटला तो वेगळाच. शेवटी तुझं पान केलं. तुझा फोटो, भोवती तुझ्या सगळ्या पट्ट्या, आणि खाली मी लिहिलं, 'ही माझी ताई. आधी सगळं हिनं लिहिलं होतं. माझं अक्षर वाईट आहे म्हणून मीच तिला सांगितलं. तुला आवडावं असं वाटत होतं.'

काल वही घेऊन गेलो. तिनं पहिल्या पानापासून तपासणी केली. कपाळाला आठ्या घालून वाचत होती, अडली की बोट ठेवून मला विचारत होती. तुझ्या पानापाशी बराच वेळ थांबली. मग मला कोरा कागद दिला आणि जिन्याच्या फोटोखालचं न बघता लिहायला सांगितलं. लिहिलं. ह्यांनाही लिहायला लावलं. हे इतके घाबरले, की पेन्सिलीचं टोक मोडलं. तिनं दोन्ही कागद वहीशी ताडून पाहिले. कागद उलटा करून ह्यांचं अक्षर मागून बोटांनी चाचपलंसुद्धा! या वेळी वही परत दिली नाही, काखोटीला मारली आणि आत नेली. जाताना टाचा उंचावून बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. बाई म्हणाल्या, की कळवते.

माझा जीव टांगणीला लागलाय, तरी आतून उड्या मारतोय. फोनपाशीच बसून लिहितेय. काही झालं तरी तुझ्याजवळ रडायची सोय आहे, तेवढी कायम ठेव.

तुझी,
मुंगी

ता. १९ ऑगस्ट

प्रिय मावशीस,
नमस्कार.

असं सुरू करायचं, हे आईनं सांगितलं. पुढचं मी माझ्या मनानं लिहिते.

मी आले. वही घेऊन सगळं घर तपासलं. खालची पायरी खरंच कुरकुरते. पलंग फोटोत मोठा दिसतो, खरा लहान आहे, पण मला पुरतो. बाबा पावाचं कासव करतात. ते कासव आहे हे सांगावं लागतं.

तुमचं अक्षर फार छान आहे. तुम्ही आलात, की मला तसा ळ शिकवा. फोटोत तुम्ही हसत नाही आणि आई म्हणते, की तुम्ही खूप हसता. खरं काय ते कळवा.

आईचं अक्षर वाईट आहे. तिनं माझ्या नव्या वहीवर नाव लिहिलं, तर शाळेतल्या बाईंनी विचारलं, की हे काय आहे. आई म्हणाली, की उद्या ताईकडून छान पट्टी मागवू. मी नको म्हटलं. म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही आता आईचं काही लिहायचं नाही. तिचं ती लिहील. कुणाला वाचता आलं नाही तर मी वाचून दाखवीन. मला येतं.

शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं म्हणे. तो असू द्या.

तुमची भाची