ओकारीचं माहेर

३ मार्च

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

मालवाहू बोटीच्या इंजिनघरात नात नोकरीला लागली म्हणून तू गल्लीभर मिरवलीस. आता ऐक. रोज ओकते आहे. तेलाचा वास, वाळत घातलेले कुबट मोजे आणि माझी बादली. बादलीची किळस येते, माझीही येते. बंदरातल्या डॉक्टरांनी कागदावर ‘नॉशिया’ लिहिलं. बाकीचे हसतात. पुढच्या बंदरात उतरून कायमची घरी येते. बाबांना सांगू नकोस.

तुझी ठमी

१९ मार्च

चि. ठमीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवताना उघडलं, तिथेच चुकलं. ताट सरकवलं. शी गं! बाबांना मी सांगितलं नाही, पण माझं तोंड बघून त्यांनी ओळखलंच. परतीच्या तिकिटाचं बघतायत. असो. मी दुसरी शिकलेली, पण तो शब्द डोक्यातून जाईना. गेले समोरच्या मास्तरांकडे. त्यांची खोली म्हणजे, देवा! कपातल्या कालच्या चहावर बुरशी आणि शब्दकोशात चिरडलेलं झुरळ. नाकाला पदर लावून बसले. मास्तर म्हणाले, शब्द इंग्रजी, पण माहेर ग्रीक. तिकडे ‘नाउस’ म्हणजे बोट. बोटीवर होते ती मळमळ म्हणजे नॉशिया. आपली नाव आणि त्यांची नाउस एकाच कुळातल्या, असंही म्हणाले. मला इतका आनंद झाला की झुरळासकट कोश कपाळाला लावला! अगं, समुद्रावर जन्म काढणारी माणसं ती. इतकं ओकली की मळमळीला बोटीचंच नाव देऊन बसली. मग तू कसली लाजतेस? उतरायचं तर उतर, दार उघडंच आहे. पण लाजून उतरू नकोस.

लोभ आहेच, पोटात अन्नही राहो.

तुझी आजी

५ एप्रिल

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बंदरातच हाती पडलं. वाचून खूप हसले, तरी बॅग घेऊन उतरले. धक्क्यावर जरा चालले, तर जमीनच डुलायला लागली. चांगली घट्ट, कोरडी जमीन! सडक्या मासळीच्या पिंपाला धरून सगळ्यांदेखत भडाभडा ओकले. आमचा म्हातारा फिटर म्हणाला की बोट अंगात मुरली की असंच होतं. शिडी चढून परत बोटीवर आले, तर पोट गप्प.

जमिनीवरच्या ओकारीला ग्रीकांनी काय नाव ठेवलंय, मास्तरांना विचार. बाबांना म्हणावं, तिकीट नको. आज मी दोनदा वाढून घेतलं.

माया पातळ होऊ न देणारी,
तुझी ठमी